शस्त्रक्रियेपूर्वी दुहेरी इम्युनोथेरपी: माहिती हवी आहे

नमस्कार. आम्ही परभणीचे. माझ्या काकांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून, गाठ लहान व शस्त्रक्रियेने काढण्याजोगी आहे. ‘निओस्टार’ या अमेरिकेतील औषध-चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी) दोन औषधे एकत्र दिलेल्यांपैकी 38 टक्के रुग्णांच्या गाठीत जिवंत कर्करोगपेशी 10 टक्के किंवा त्याहून कमी उरल्या. केवळ निव्होलुमॅब घेतलेल्यांत हे प्रमाण 22 टक्के होते. एकूण रुग्ण अवघे 44, त्यामुळे हा पुरावा पुरेसा नाही हे जाणतो, तरी आशा वाटते.

अशी चाचणी छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई येथे सुरू असल्याचे कोणास ठाऊक आहे का? काकांच्या बोटांचे सांधे आमवाताने सुजतात व त्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. अशा रुग्णास चाचणीत प्रवेश मिळतो का? बायोप्सीचा मेणातील ब्लॉक (तपासणीसाठी काढून मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत आणावा का, हेही कृपया कळवावे.