गुगल फॉर्मच्या लिंकमधे तारीख आधीच भरून पाठवायचीय, नाव येतंय पण तारीख कोरीच राहतेय

औसेकरीण
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यात एका शेतकरी गटाचं ऑफिसचं काम बघते. आमच्याकडं ४१२ शेतकऱ्यांची सोयाबीनची नोंद हाय, जूनमधे पोरांनी बांधावर जाऊन नाव, गाव, पेरणीची तारीख लिहून आणली होती. आता काढणीच्या आधी एक सर्व्हे करायलोत आणि प्रत्येकाला व्हॉट्सअपवर ज्याची त्याची लिंक जाणार, म्हणजे उघडली की नाव-गाव-पेरणीची तारीख आधीच भरलेली दिसावी, बिचाऱ्यांना परत टायपायला लागू नये. फॉर्मच्या तीन टिंबांत ती प्री-फिल्ड लिंक मिळते ना, ती घेतली, एक्सेलमधे लिंकचे तुकडे केले आणि मधे मधे यादीतले कॉलम जोडले. नाव येतंय, गाव येतंय, पण तारीख काही केल्या येईना, डबा कोराच. यादीत तारीख १५/०६/२०२५ अशी हाय. दोन दिवस झालं डोकं फुटायची वेळ आलीय, कुणीतरी सांगा की राव.

परभणीचा_पोट्टा
ताई, लिंकमधे तारीख आपल्या पद्धतीनं चालत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडवी रेघ: २०२५-०६-१५. तिरप्या रेघा नको, महिना-दिवस दोन अंकीच पायजेत, ६ नाही ०६. आणि हो, मी इथं मराठी आकडे टाकलेत, तुम्ही लिंकमधे इंग्रजी आकडेच टाका, मराठी आकडे दिले तर फॉर्मला कळत नाही. हे आयएसओ ८६०१ म्हणून तारीख लिहायचं स्टँडर्ड हाय, १९८८ पासूनचं. फॉर्म उघडल्यावर मोबाईलमधे तारीख कशी दिसंल ते त्या मोबाईलच्या सेटिंगवर असतंय, कुणाला दिवस आधी दिसंल कुणाला महिना, त्याचं टेन्शन घेऊ नका.

खात्री करायची सोपी आयडिया: प्री-फिल्ड लिंक बनवताना तारखेच्या डब्यात हातानं एक तारीख निवडा आणि मग लिंक कॉपी करा. तयार झालेल्या लिंकमधे ती कशी लिहून आलीय ते बघा, तसंच्या तसं करायचं. तुम्ही बहुतेक तारखेचा डबा रिकामा ठेवून लिंक घेतली असंल.

औसेकरीण
हाव दादा, रिकामाच ठेवला होता 🤦 आता लिंकमधे तारखेच्या डब्याचा जो एन्ट्री नंबर असतो तो सापडला. पण एक्सेलमधे सेलचा फॉरमॅट बदलला, वर्ष आधी दिसायलंय, तरी लिंकमधे ४५८२३ असं कायतरी येतंय. हे कुठून आलं??

एक्सेलवाला_जालना
ताई, ते ४५८२३ म्हणजेच तुमची १५ जून २०२५ हाय 😄 एक्सेल तारीख तारीख म्हणून ठेवतच नाही, १ जानेवारी १९०० ला १ धरून तिथून दिवस मोजत आकडा ठेवतं. फॉरमॅट बदलला की फक्त वरचा सदरा बदलतो, आतला माणूस तोच. लिंकमधे जोडलं की सदरा गळून आतला आकडा बाहेर येतो. म्हणून टेक्स्ट फॉर्म्युला लावा, कंसात तारखेचा सेल आणि मग अवतरणात चार वाय, रेघ, दोन एम, रेघ, दोन डी. ते जोडा लिंकला.

पण थांबा, जरा यादी नीट बघा. तारखा काही सेलमधे उजवीकडं आणि काही डावीकडं चिकटलेल्या हायेत का?

औसेकरीण
हायेत! अर्ध्या अर्ध्या. म्हंजे काय?

एक्सेलवाला_जालना
म्हंजे घोळ. काही नोंदी अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरवर टाकल्या असणार, तिथं महिना आधी. पोरांनी १२/०६ टाकलं की एक्सेलनं ते गुपचूप ६ डिसेंबर केलं आणि खरी तारीख समजून उजवीकडं ठेवलं. २५/०६ टाकलं तर पंचविसावा महिना नसतो म्हणून ते साधं अक्षर समजून डावीकडं ठेवलं. म्हणून तिथं टाकलेली १ ते १२ तारखेची माणसं तुमच्या यादीत भलत्याच महिन्यात पेरणी करून बसलीत, आणि हे डोळ्याला दिसत पण नाही. डावीकडच्यांना डेट फॉर्म्युल्यात वर्ष-महिना-दिवस तोडून घाला, उजवीकडच्यांतल्या भलत्या महिन्यात गेलेल्यांचे महिना-दिवस उलटे करा, पण आधी पाच-दहा नोंदी कागदाशी ताडून बघा, आमच्याकडं एकदा दोघांनी दोन कॉम्प्युटरवर एन्ट्री केली होती आणि सगळी भेळ झाली होती.

नावं मराठीत असतील तर एन्कोड-यूआरएल फॉर्म्युला पण लावा, तो अक्षरं लिंकमधे चालतील अशी करून देतो. नावात मोकळी जागा राहिली की व्हॉट्सअपमधे लिंक तिथंच तुटते. मराठीतलं एकेक अक्षर नि काना-मात्रा नऊ-नऊ चिन्हांची होते त्यामुळं लिंक मारुतीच्या शेपटीएवढी दिसंल, घाबरू नका.

बांधावरचा
तांत्रिक सगळं बरोबर हाय, पण मला वेगळंच बोलायचंय. ताई, पेरणीची तारीख आधीच भरून पाठवूच नका.

मी लई वर्षं गावोगाव सर्व्हेची फिरती केलीय. भरलेला डबा दिसला की माणूस तो वाचत नाही, खाली जाऊन सबमिट दाबतो. नाव-गाव भरून पाठवा, ते बदलत नसतंय. पण पेरणीची तारीख? मृगात पेरलं, पाऊस दडी मारून बसला, उगवलं नाही, आर्द्रात दुबार पेरलं, हे आपल्याकडं नवीन हाय का? तुमच्या नोंदीत पहिली पेरणी, रानात उभं हाय ते दुसरं पीक. तुम्ही १२ जून भरून पाठवणार, तो दाबून मोकळा होणार, आणि तुम्ही पिकाचे दिवस मोजणार दहा-पंधरा दिवस जास्त. चुकीचं उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घातलं ना.

असं करा: नोंदीतली तारीख एका साध्या मजकुराच्या डब्यात भरून दाखवा, खाली विचारा, "सध्या रानात उभं हाय ते याच पेरणीचं हाय का?" नाही म्हटलं की उत्तरानुसार पुढच्या सेक्शनला न्या आणि तिथं तारखेचा डबा कोरा ठेवा.

आणि एक, या लिंकमधलं नाव-गाव उघड्यावर असतंय, ज्याच्या हातात लिंक त्याला दिसतं. एकानं गावाच्या ग्रुपवर टाकली की दहा जण त्याच्याच नावानं भरतील. नोंद क्रमांक पण लिंकमधे घाला, दुबार आलेले सापडतील. पुढच्या वेळी जमलं तर लाईमसर्व्हेसारखं काहीतरी वापरा, त्यात माणसामागं एक टोकन म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा कोड असतोय, तारीख तिकडं सर्व्हरवरच्या यादीत राहते, लिंकमधे नाही.

औसेकरीण
दादा, दुबारचं खरंच डोक्यात नव्हतं. काल तुमच्या पद्धतीनं फॉर्म करून आमच्याच गल्लीतल्या २० जणांना पाठवला, ७ जणांनी "नाही" दाबलं. त्यातला एक तर माझा सख्खा चुलता, रोज पारावर भेटतो, दुबार पेरलं म्हणून एका शब्दानं बोलला नाही 😅 तारखा नीट करायला बसलेय आता, कागदाचे गठ्ठे काढलेत.