आठवीतल्या ऑटिस्टिक मुलासाठी विशेष माध्यमिक शाळा : अभ्यास थांबू नये म्हणून काय मागावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा १३ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. आम्ही नाशिकला राहतो. आतापर्यंत तो घराजवळच्या मराठी माध्यमाच्या नेहमीच्या शाळेत शिकला, सध्या आठवीत आहे. पुढच्या जूनपासून त्याला विशेष शाळेच्या माध्यमिक विभागात घालायचं जवळपास ठरलंय. शाळा बदलावी की नाही यावर घरात पुष्कळ काथ्याकूट झालाय, तो इथे परत नको. मला मदत हवी आहे ती पुढच्या गोष्टीसाठी. तिथे गेल्यावर त्याचा अभ्यास सुटू नये म्हणून मी शाळेकडे नक्की काय मागू?

आधी त्याच्याबद्दल सांगते. तो बोलतो, पण दोन-तीन शब्दांत. दमला किंवा घाबरला की बोलणं पार बंद होतं, नाहीतर बसस्टँडवरची उद्घोषणा जशीच्या तशी म्हणत बसतो. हाताने लिहिण्यापेक्षा टाइप करणं त्याला सोपं जातं. एसटीचं वेळापत्रक हा त्याचा जीव की प्राण. एक दोनशेपानी वही फक्त त्यासाठी आहे. डावीकडे थांबे, उजवीकडे वेळा, आणि मध्ये लाल पेनाने स्वतः काढलेली मिनिटं. नाशिक-पुणे पानावर सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण असे थांबे ओळीने आहेत. ६:५५ ते ८:२० किती वेळ झाला हे विचारलं की क्षणात "पंच्याऐंशी" म्हणतो. पण तेच गणित "रमेश सकाळी घरातून निघाला..." असं शाब्दिक उदाहरण होऊन आलं की पान कोरं राहतं.

चौथीपर्यंत एकच बाई, एकच वर्ग, ठरलेला बाक, त्यामुळे निभावलं. नंतर दर तासाला नवे शिक्षक, प्रत्येकाची फळ्यावर लिहायची पद्धत निराळी, ऑफ तासाचा गलका, अचानक बदललेला तास. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की तो कानांवर हात ठेवूनच घरी यायचा. वर्गातली मुलं चांगली आहेत, दोघं तर त्याचा डबा संपला का बघायचे. शिक्षकही वाईट नाहीत. पण साठेक मुलांच्या वर्गात त्याच्यासाठी वेगळं कोण आणि कधी करणार?

विशेष शाळा बघायला गेले तेव्हा बरंच आवडलं. प्रत्येक मुलाच्या टेबलावर त्याची स्वतःची चित्रपट्टी आहे. एक काम झालं की मुलगा ते चित्र वेल्क्रोवरून काढून "झालं" लिहिलेल्या खिशात टाकतो आणि पुढचं चित्र बघतो. कोणी हाक मारत नाही, घाई करत नाही. खोलीच्या एका टोकाला पडद्यामागे शांत कोपरा आहे. एक मुलगा आपणहून उठून तिथे गेला, काही वेळ बसला आणि परत कामाला लागला. बाईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. हे बघून मला फार बरं वाटलं.

अडलंय ते गटावर. मूल्यमापनानंतर त्याला थेट पूर्वव्यावसायिक गट सुचवला आहे. म्हणजे कागदी पिशव्या, पाकिटं, दिवाळीच्या सुमारास पणत्या रंगवणं. हाताला काम शिकवायला माझा अजिबात विरोध नाही, त्याला ते आवडेलही. पण त्या गटाचा अभ्यास म्हणजे नाणी-नोटा ओळखणं आणि नाव-पत्ता लिहिणं. मिनिटांची वजाबाकी तोंडी करणाऱ्या मुलाला पुढची काही वर्षं पाच आणि दहाचं नाणं ओळखायला बसवायचं? कारण विचारलं तर "बुद्ध्यांक कमी आलाय, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारीही जास्त आहे" असं सांगितलं. ती चाचणी सगळी तोंडी होती, अनोळखी खोलीत, आणि तो त्या दिवशी जवळजवळ गप्पच होता.

आपल्याकडच्या बऱ्याचशा विशेष शाळा बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी निघाल्या, ऑटिझमची मुलं त्यात नंतर आली. त्यामुळे अभ्यासक्रमही त्याच अंदाजाने आखलेला असतो हे मला कळतं. पण माझ्या मुलाला दोन्ही हवंय, शांत वर्गही आणि सातवी-आठवीचं गणितही. हे एका छपराखाली मागणं फार आहे का?

शिवाय विशेष शाळेत राहून एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी देता येते का? वरच्या गटासाठी परत मूल्यमापन करा असं सांगायचा मला हक्क आहे का? आणि एक अवघड विषय. तो वयात येतोय. आवाज फुटलाय, मिसरूड दिसायला लागलंय, कधीकधी चारचौघांत हात नको तिथे जातो. शाळेने हे कसं हाताळायला हवं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : मुलगी २० वर्षांची, पुणे

ताई, माझी लेक याच वाटेने गेली, त्यामुळे लिहिते.

एनआयओएसच्या दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुम्हाला हाताशी वेळ आहे. पाच विषय लागतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते. त्या काळात एकेक विषय देत गेलं तरी चालतं, पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. माध्यम मराठी घेता येतं. गणित-विज्ञान सक्तीचं नाही. आम्ही मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री आणि सामाजिक शास्त्र घेतलं. डेटा एंट्रीचा पेपर तिला सगळ्यात सोपा गेला, कारण बोलायचं काही नव्हतं. मात्र पुढे आयटीआय किंवा पदविका डोक्यात असेल तर गणित-विज्ञान सोडू नका, बहुतेक ठिकाणी तिथेच अडतं. तुमच्या मुलाने तर गणित सोडूच नये असं मला वाटतं.

काही विशेष शाळा स्वतःच एनआयओएसच्या मान्यताप्राप्त संस्था असतात, दिव्यांग मुलांसाठी त्यांची वेगळी केंद्रं आहेत. तुमची शाळा त्यात आहे का ते आधी विचारा. नसली तरी नोंदणी दुसऱ्या केंद्रात करून अभ्यासाचा तास याच शाळेत ठेवता येतो, शाळेची तयारी हवी. लेखनिक, जादा वेळ, संगणकावर उत्तरं यांसाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झालं नसेल तर आत्ताच मागे लागा.

वयात येण्याबद्दल. आम्ही घरी आणि शाळेत एकच नियम ठेवला, एकाच चित्रासह : हे फक्त बंद दाराच्या खोलीत. रागावायचं नाही, "शी" म्हणायचं नाही, कार्ड दाखवून खोलीकडे न्यायचं. शाळेत ती जागा नसते, म्हणून तिथे हाताला दुसरं काम द्यायचं. मुलाचं शाळेतलं स्वच्छतागृहाचं काम कोण बघतं, स्त्री की पुरुष, दार लावतात की नाही, हे स्पष्ट विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला "नाही" म्हणायला शिकवतात का ते बघा. मोठ्यांनी सांगितलेलं सगळं निमूट ऐकणाऱ्या मुलाचं कौतुक होतं, पण अशा मुलाला कोणी नको तिथे हात लावला तर तो विरोध कसा करणार? आमच्या लेकीला "नको" हे कार्ड सगळ्यात आधी दिलं होतं, आणि ते दाखवलं की शिक्षकांनी थांबायचंच असं ठरलं होतं. केस विंचरताना दाखवलं तरीही.

या वयात काही मुलांना फिट्स सुरू होतात. मध्येच टक लावून बघणं, हातातलं गळून पडणं असं काही दिसलं तर वर्तनाचा प्रश्न समजून सोडू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रतिसाद : विशेष शिक्षिका

शाळेने दिलेली दोन्ही कारणं कच्ची आहेत. प्रमाणपत्रावरची टक्केवारी 'आयसा' या ऑटिझम मोजायच्या मापनपट्टीवरून ठरते. त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि त्यातून ऑटिझमचं प्रमाण कळतं. मूल काय शिकू शकेल याचा तो आकडा नव्हे. बुद्ध्यांकाचं म्हणाल तर कमी बोलणाऱ्या मुलाची तोंडी चाचणी घेतली की भाषा आणि ताणच मोजला जातो. आकृत्या पुऱ्या करायच्या अशाब्दिक चाचण्या असतात, त्यात अशी कितीतरी मुलं खूप वर जातात. ती चाचणी लेखी अर्ज देऊन मागा. शक्यतो त्याला आधी एकदा ती खोली दाखवून आणा, आणि वही बरोबर न्या. ती वही हा मूल्यमापनाचाच भाग आहे.

हक्काचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, आणि शेजारची शाळा की विशेष शाळा हे त्याने निवडायचं, असं कलम ३१ सांगतं. त्यामुळे उद्या परत नेहमीच्या शाळेत यावंसं वाटलं तर दार बंद झालेलं नाही.

गटावर वाद घालण्यापेक्षा आयईपीवर बोट ठेवा. प्रत्येक मुलाचा असा वैयक्तिक शिक्षण आराखडा असायला हवा, आणि तो पालकांसमोर बसून व्हायला हवा. "गणित सुधारेल" असं वाक्य आलं तर मान्य करू नका. "वेळापत्रक वाचून दोन गाड्यांमधलं अंतर काढेल, मग त्यावरचं एका ओळीचं शाब्दिक उदाहरण वाचून सोडवेल" असं लिहून घ्या. तुमच्या मुलाची शाब्दिक उदाहरणाची गाडी इथूनच सुटेल. रमेशला काढून टाका आणि संगमनेरला बसवा. आधी फक्त तक्ता, मग तक्ता आणि एक वाक्य, मग नुसतं वाक्य. हे काम पूर्वव्यावसायिक गटातही रोज एक तास बसवता येतं. आमच्याकडे सकाळी अभ्यास, मधल्या सुट्टीनंतर कार्यशाळा असं चालतं.

बोलणं बंद पडतं त्या वेळेसाठी पर्यायी साधन आत्ताच हाताशी द्या. आयआयटी मुंबईने केलेलं, चित्रं दाबून बोलायचं 'जेलो' ॲप मोफत आहे, मराठीत चालतं. टाइप करतो म्हणताय तर साधा कीबोर्डही पुरेल, पण तो शाळेत दप्तरात राहता कामा नये, टेबलावर हवा.

प्रतिसाद : वय २६, स्वतः ऑटिस्टिक

काकू, जूनमध्ये एकदम पाठवू नका. उन्हाळ्यात रिकाम्या शाळेत नेऊन आणा. त्याचा बाक, स्वच्छतागृह, पाणी कुठे, घंटा कशी वाजते, सगळं माणसं नसताना बघू द्या. फोटो काढून द्या. मला शाळा बदलताना जागेचाच त्रास झाला होता, अभ्यासाचा नाही. आणि बसचा मार्ग आधी सांगा. त्याला तर तो आवडेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बसच्या मार्गाचं वाचून त्याला लगेच विचारलं, त्याने शाळेपर्यंतचे थांबे लिहायला घेतलेत.

अशाब्दिक चाचणीसाठी अर्ज उद्याच देते. शाळेशी बोलताना गटाचा हट्ट धरणार नाही, पण रोजचा एक तास गणित-मराठीचा आणि तो आराखड्यात लिहिलेला, यावर मात्र अडून बसणार आहे. स्वच्छतागृहाचं मी विचारलंच नव्हतं, ते पहिलं विचारते. "नको" कार्ड घरात आजपासून.

पुण्याच्या ताई, १८ नंतरचं कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून घ्यावं लागतं असं ऐकलंय. तुम्ही ते केलं असेल तर कागदपत्रं कोणती लागली ते लिहाल का? आणि नाशिक, सिन्नर, ओझर भागात मराठी माध्यमातून एनआयओएस करणारं कोणाचं मूल असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. पुस्तकं आणि केंद्राबद्दल बोलायचंय.