आंबोली, पण पावसाळा धरून
निवृत्तीनंतर भटकंतीसाठी आंबोलीच उत्तम, कारण सुमारे ६९० मीटर उंचीमुळे तेथील उन्हाळा सुसह्य असतो, हे मत उन्हाळ्यापुरते मला मान्य आहे. मात्र तेथे वर्षाकाठी सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, याचा अर्थ तेथे एक पावसाळा काढल्याशिवाय उमगत नाही. आम्ही उभयतांनी तो भाड्याच्या घरात काढला. जुलैच्या मध्यापर्यंत चामड्याच्या चपलांवर बुरा चढला, पक्षी पाहण्यासाठी हौसेने घेतलेल्या दुर्बिणीच्या भिंगात आतून बुरशीचे जाळे पसरले, आणि धुक्यात दहा पावलांपुढचे दिसेना तेव्हा सकाळचा फेरफटका ओटीवरच उरकावा लागला. (बेडूक आणि साप पाहणाऱ्या मंडळींना मात्र हाच काळ पर्वणीचा.)

शिवाय मोठ्या उपचारांसाठी घाट उतरून सुमारे ३० किलोमीटरवरची सावंतवाडी गाठावी लागते. आम्ही शेवटी दापोली निवडली. उंची जेमतेम २४० मीटर, पण पठारावरच्या चालण्यात गुडघे कुरकुरत नाहीत आणि कर्दे-मुरुडचा किनारा अर्ध्या तासावर आहे.