मदत हवी आहे: पूर, वणवा आणि घराची राखण यांसाठी ड्रोन घ्यावा का?

नमस्कार मंडळी. ड्रोन घ्यावा की नाही, आणि घेतला तर त्याच्या भरवशावर काय काय सोडता येईल, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. फोटो-व्हिडिओची हौस म्हणून नको आहे, म्हणून आधी परिस्थिती सांगतो.

आमचं घर वस्तीपासून जरा बाजूला आहे. मागच्या अंगाला ओढा, दुसऱ्या बाजूला चढावर गवताळ रान. घरापर्यंत येणारा रस्ता एकच, तो ओढ्यावरच्या बुटक्या मोरीवरून येतो. पाणी चढलं की मोरी बुडते, आणि गवत वाळलं की वणव्याची धास्ती. आई-वडील दोघंही थकलेत, वडिलांना चालायला वॉकर लागतो. त्यामुळे निघायचं की थांबायचं हे आम्हाला इतरांच्या आधी ठरवावं लागतं. मोरी घरापासून साधारण १५० मीटरवर असेल, पण मध्ये दाट झाडी असल्याने दिसत नाही. बघायला कुणीतरी चालत जायचं, म्हणजे जिथे जाऊ नये नेमकं तिथेच जायचं. हे थांबवता आलं तरी माझ्या दृष्टीने पैसे वसूल.

दुसरं कारण राखणीचं. कुंपण लांबलचक आहे, मागच्या कोपऱ्यात पंप आणि सामानाची खोली आहे. रात्री कुत्री भुंकली की घरातलं कुणीतरी टॉर्च घेऊन बाहेर पडतं. तेही मला बंद करायचं आहे.

आतापर्यंत जे वाचलं त्यावरून बऱ्याच देशांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नियम सैल असतात, म्हणून कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन काढतात. उडण्याची वेळ ३० मिनिटांच्या पुढे लिहिलेली असते, पण ती वारा नसताना आणि नव्या बॅटरीवर. परतीचा साठा धरला तर २० मिनिटांचाच हिशेब करावा असं दिसतं. या छोट्या ड्रोनना सेकंदाला १० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३६-३८ किलोमीटर वाऱ्यापर्यंतच सोसतं, आणि बहुतेकांना पाऊस चालत नाही. आता शंका:

वादळ-पावसातच गरज, आणि त्यातच उडत नाही, मग उपयोग काय? मोबाइलचा टॉवर बंद पडला तर ड्रोन चालतो का? अडचणीसाठी बॅटऱ्या कायम भरून ठेवाव्यात तर त्या खराब होतात म्हणे, मग ठेवायच्या कशा? थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी बरेच जास्त पैसे मोजावेत का? आणि शेजाऱ्यांचं अंगण कॅमेऱ्यात येणार, त्याचं काय करायचं?

ज्यांनी खरोखर अशा कामाला वापरला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

मी पूर ओसरल्यावर नुकसानीच्या पाहणीसाठी ड्रोन वापरतो. तुमची पहिली शंका बरोबर आहे, भर पावसात तो घरात ठेवायचा. पण ओढ्याचं पाणी अनेकदा आपल्याकडचा पाऊस थांबल्यावर चढतं, कारण वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली पोहोचायला वेळ लागतो. ती उघडीप ही तुमची उडवायची वेळ.

आणि मोरीपर्यंत उडवत नेऊच नका. घरावरच सरळ वर न्या, ५०-६० मीटर, आणि कॅमेरा मोरीकडे वळवा. झाडांच्या डोक्यावरून दिसेल. उंच काठीला बांधलेला कॅमेरा समजा. ड्रोन आपल्याच हद्दीवर राहतो, डोळ्यांसमोर राहतो (बहुतेक ठिकाणी तसा नियमच आहे), बऱ्याच देशांतल्या १२० मीटरच्या मर्यादेतही बसतो, आणि वाहत्या पाण्यावर जात नाही. पाण्यावरून खालून उडवला तर पोटाकडचे कॅमेरे हलणाऱ्या पृष्ठभागाला फसतात, ड्रोन सरकतो किंवा खाली येतो.

पण खरं काम कोरड्या दिवसांत करायचं आहे. वरून गढूळ पाणी किती खोल आहे हे कुठल्याही कॅमेऱ्याला कळत नाही. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचा तोल घालवतं, ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी उचलू शकतं. हा फरक चित्रात दिसणार नाही. म्हणून मोरीच्या कडेला एक भक्कम खांब रोवा, रस्त्याच्या पातळीवर शून्य धरा आणि वर-खाली २०-२० सेंटिमीटरचे पट्टे रंगवा. १२ मेगापिक्सेलच्या साध्या फोटोत १५० मीटरवरून एका पिक्सेलला, म्हणजे फोटोतल्या एका ठिपक्याला, साधारण ५ सेंटिमीटर येतात, म्हणजे एक पट्टा ४ पिक्सेलचा. चालू व्हिडिओत तो कळेलच असं नाही. फोटो काढा, ड्रोन खाली उतरवा, फोटो मोठा करून पट्टे मोजा. पाणी शून्याच्या पट्ट्याला टेकलं की त्या रस्त्याने जायचं नाही, हे घरात आधीच ठरवून ठेवा.

त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून छप्पर, पन्हळ, घरावर झुकलेल्या फांद्या, ओढ्याचा काठ यांचेही फोटो काढून ठेवा. वादळानंतर काय हललं ते शेजारी शेजारी ठेवून लगेच कळतं, विम्याच्या दाव्यालाही तारखेसकट फोटो लागतात.

आणखी एक, गच्चीवरून उडवणार असाल तर स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनचं होकायंत्र बिघडल्याचा इशारा येतो. लाकडी स्टूलावर ठेवून उडवा. 'घरी परत ये' बटणाची उंची सर्वांत उंच झाड आणि तारांच्या वर लावा. बारीक तारा ड्रोनच्या सेन्सरना दिसत नाहीत.

प्रतिसाद:

बॅटरीचं सांगतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवली की तिची ताकद घटते आणि ती फुगू शकते. म्हणून अनेक कंपन्यांच्या बॅटऱ्या काही दिवस पडून राहिल्या की आपणहून ६० टक्क्यांच्या आसपास उतरतात. हा बिघाड नाही. तीन बॅटऱ्या घ्या. एरवी सगळ्या अर्ध्याच्या थोड्या वर, हवामानाचा इशारा आला की सगळ्या पूर्ण भरायच्या, धोका टळला की उडवून परत खाली आणायच्या. वीज नसताना गाडीतून किंवा पॉवर स्टेशनवरून (घरात ठेवायच्या मोठ्या बॅटरीवरून) चार्ज होतात का, हे आधी करून बघा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायची नाही.

टॉवर गेला तरी ड्रोन उडतो. रिमोट आणि ड्रोन थेट रेडिओवर बोलतात, जागा उपग्रहांवरून कळते. अडतं ते ॲप. ऐन वेळी लॉगिन मागतं, अपडेट झाल्याशिवाय उडू देत नाही, नकाशा कोरा दाखवतं. तेव्हा एखाद्या दिवशी मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून उडवून बघा. जे अडेल ते त्याच दिवशी सोडवा. पावसाळा किंवा वणव्याचा मोसम लागण्याआधी हे पुन्हा करायचं.

प्रतिसाद:

वणव्याबद्दल माझा कळकळीचा सल्ला आहे, आग लागल्यावर ड्रोन वर नेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीत एका हौशी माणसाचा छोटा ड्रोन पाणी टाकणाऱ्या विमानावर आदळला. त्याच्या पंखाला भोक पडलं आणि विमान दुरुस्तीसाठी उतरवून ठेवावं लागलं. ड्रोन २५० ग्रॅमच्या आसपासचाच होता. हवेत अनोळखी ड्रोन दिसला तर अग्निशमनाची विमानं, हेलिकॉप्टरं थांबवावी लागतात आणि तेवढा वेळ आग मोकळी पसरते. थकलेले आई-वडील घरात असताना धूर दिसला की निघायचं. किती लांब आहे हे बघत बसायचं नाही.

आगीआधी मात्र ड्रोन कामाचा आहे. घराभोवती वाळलेलं गवत कुठे भिंतीपर्यंत आलंय, पन्हळीत पाला किती साचलाय, जाळपट्टा (आग अडवायला गवत काढून ठेवलेला पट्टा) कुठे तुटलाय हे वरून छान दिसतं.

प्रतिसाद:

राखणीसाठी घेऊ नका, असं स्पष्ट सांगेन. ड्रोन २० मिनिटं जागा असतो, चोर रात्रभर. कुत्री भुंकल्यावर तुम्ही उठून, बॅटरी लावून, उपग्रह मिळेपर्यंत थांबून वर नेईस्तोवर माणूस निघून गेलेला असतो, आणि आवाजाने तर तो आधीच सावध होतो. अंधारात बहुतेक छोट्या ड्रोनचे अडथळा ओळखणारे कॅमेरे काम करत नाहीत, म्हणजे तुमच्याच झाडात अडकायची भीती. पंपाच्या खोलीवर हालचालीवर लागणारा दिवा, एक स्थिर कॅमेरा आणि दाराला चांगलं कुलूप, एवढ्यावर टॉर्च घेऊन बाहेर पडणं थांबेल. त्यातूनही कुणी दिसलंच तर दार लावून पोलिसांना फोन. ड्रोन घेऊन कुणाच्या मागे लागू नका.

थर्मलबद्दल: ६४० बाय ५१२ चा चांगला थर्मल कॅमेराही ५० मीटरवरून एका पिक्सेलला सुमारे ७ सेंटिमीटर दाखवतो. वरून माणसाचे खांदे म्हणजे सहा-सात ठिपके. उघड्या गवतात काहीतरी गरम आहे एवढं कळेल, माणूस की जनावर हे कळायला पंचाईत. दाट पानांखालचं आणि काचेपलीकडचं दिसत नाही. दुपारी तापलेल्या दगडांत सगळंच चमकतं. हरवलेली माणसं शोधणाऱ्या पथकांना त्याचं मोल आहे, तुम्हाला नाही.

शेजाऱ्यांना आधी घरी बोलावून दाखवा. काय दिसतं, काय साठवता, केव्हा पुसता ते सांगा. मोरी त्यांचीही वाट असेल तर फोटो त्यांच्याही कामाचे आहेत.

धागालेखक:

सगळ्यांचे मनापासून आभार. सरळ वर नेऊन बघायचं हे सुचलंच नव्हतं. मी नकाशावर मोरीपर्यंतची वाट आखत बसलो होतो. थर्मल रद्द. पंपाच्या खोलीला दिवा आणि कॅमेरा आधी बसवतो, खांबही. ड्रोन छोटाच, तीन बॅटऱ्यांसह. शेजारी रोज त्याच मोरीवरून जातात, त्यांना उद्याच विचारतो. एकच शंका राहिली. मी कामावर असताना पाणी चढलं तर पत्नीलाच उडवावा लागेल. तिला काय काय शिकवावं? आणि पट्टे कुठल्या रंगाचे?

प्रतिसाद:

वहिनींना सगळं शिकवू नका. स्टूलावर ठेवणं, सरळ वर, कॅमेरा मोरीकडे, फोटो, सरळ खाली. आडवा उडवायचाच नाही. वारा झाडांच्या मोठ्या फांद्या हलवत असेल तर काढायचाच नाही. एवढंच, पण महिन्यातून एकदा त्यांच्याच हाताने. रिमोटवर दोरीने या पायऱ्यांची चिठ्ठी बांधून ठेवा.

पट्टे काळे-पांढरे. लाल रंग संध्याकाळी गढूळ पाण्यावर काळपट दिसतो. शून्याचा पट्टा तेवढा पिवळा करा आणि दुप्पट रुंद ठेवा.