श्रीरामपूरलाही चिनी शिकत होते

रॉबर्ट मॉरिसन या मिशनऱ्याच्या चिनी-इंग्रजी कोशाबद्दल बोललं जातं, त्यात माझी एक भर. तो कोश मकावमध्ये १८१५ ते १८२३ या काळात छापला गेला, आणि त्याचा दुसरा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पहिला भाग कांग्शी या जुन्या चिनी कोशाप्रमाणे २१४ मूलांशांवर, म्हणजे चिनी चिन्हांच्या मूळ घटकांवर, रचलेला आहे. म्हणजे 'नदी'चं चिन्ह शोधायचं तर डावीकडची पाण्याची तीन टिंबं ओळखायची, त्या गटात जायचं, उरलेले पाच फटकारे मोजायचे, मग शब्द सापडणार. नवख्याला यात घाम फुटतो. दुसरा भाग मात्र उच्चारानुसार लावला आहे. कानावर पडलेला शब्द थेट काढता येतो. शिकणाऱ्याची अडचण कळलेल्या माणसाचं हे काम आहे. शिवाय परक्यांना चिनी शिकवायला तेव्हा चीनमध्ये बंदी होती, शिकवणारे जीव धोक्यात घालत होते. त्यांची आठवण कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

आणि अशा बोलण्यात राहून जाणारं नाव म्हणजे जोशुआ मार्शमन, हाही मिशनरीच. बंगालातल्या श्रीरामपूरला बसून, मकावात जन्मलेल्या जोहानेस लासार या आर्मेनियन माणसाकडून तो चिनी शिकला आणि १८१४ मध्ये त्याचं 'क्लाविस सिनिका' हे चिनी भाषेचं व्याकरण श्रीरामपूरलाच छापलं गेलं. त्याच छापखान्यातून चार वर्षं आधी, १८१० मध्ये, विल्यम केरीचा मराठी कोश निघाला होता, तोही मोडी टायपात! आपल्याकडे केरीबद्दल बरंच लिहिलं जातं. शेजारच्या टेबलावरच्या या चिनी कामाकडेही कुणीतरी नीट बघायला हवं.