गावच्या महायुद्ध-शिळेवर नावे का नाहीत?

आजोळ_सातारा (इंदूर)
आमचे घराणे चार पिढ्यांपासून इंदुरात आहे. परंतु माझे आजोळ सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी असून तेथील चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा बसवलेली आहे. यंदा दिवाळीला गेलो असता ती प्रथमच नीट पाहिली. चुन्याचे इतके हात तिच्यावर बसले आहेत, की इंग्रजी अक्षरांच्या खाचा बोटांनी चाचपून वाचाव्या लागल्या. या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर आहे. आजोबांचे चुलते इराकमधील बसऱ्याहून परतले नाहीत, असे घरात सांगतात. त्यांचे नाव मात्र तेथे नाही. आता चावडी पाडायचे घाटत आहे. शिळेचे मोल गावकऱ्यांना कसे पटवावे, आणि नावे मिळू शकतील काय?

महूकर
अशा शिळांचा मजकूर गावोगावी जवळजवळ एकाच साच्याचा असतो, बदलतात ते आकडे. सातारा तालुक्यातील अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्या गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, तरी व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणून शिळेवर १९१९ हे साल येते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, अनेक मराठा पलटणी लढल्या. त्यांपैकी १०३ व ११० क्रमांकाच्या पलटणी कुत-अल-अमारा या शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या, अन्न संपल्यामुळे २९ एप्रिल १९१६ रोजी आत अडकलेल्या फौजेला तुर्कांपुढे शरणागती पत्करावी लागली, आणि पुढे कैदेत पुष्कळ शिपाई दगावले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच लिहिली गेली. म्हणजे माणूस निघाला तेथेही आकडा आणि पडला तेथेही आकडाच. माझ्या मते आपल्या शिळेचे मोल याच उणिवेत आहे: ती भरून काढणे आता फक्त गावाच्या हाती आहे.

दफ्तरप्रेमी
नावे मिळू शकतात. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. गावाचे स्पेलिंग मात्र लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून होते, तेव्हा चार-पाच परींनी शोधावे. शिळेला आम्ल किंवा तारेचा ब्रश मुळीच लावू नये. साधे पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर सबुरी हवी. अक्षरे वाचण्यासाठी संध्याकाळी बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकावा.

जुना_इंदुरी
गावकऱ्यांशी बोलताना वीरगळापासून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या जुन्या स्मारकशिळेपासून, सुरुवात करावी. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, हा दगड बहुतेकांनी देवळापाशी पाहिलेला असतो आणि त्याला शेंदूरही लावलेला असतो. चावडीतली शिळा इंग्रजीत असल्यामुळे ती परक्या सरकारची वाटते. पण ती ज्यांच्यासाठी बसवली ते गावचेच होते.

आजोळ_सातारा (इंदूर)
आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. काल रात्री आयोगाच्या नोंदींत आमच्या गावाच्या तीन निरनिराळ्या स्पेलिंगांखाली पाच नावे सापडली. त्यांतील एकापुढे माझ्या खापरपणजोबांचे नाव वडील म्हणून लिहिलेले आहे.