मदत हवी आहे: एकाच पॅनमध्ये मासा आणि भाज्या, कमी तेलात

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. मामंजींचं बीपी आणि शुगर दोन्ही वाढलंय. डॉक्टरांनी तेल-मीठ आवरायला आणि भाज्या वाढवायला सांगितल्यात. मासा चालेल म्हणाले. पण आमच्यात मासा म्हणजे रवा लावून तळलेला, नाहीतर वाटणाचं कालवण, आणि सोबत ढीगभर भात. भाजीला ताटात जागाच उरत नाही. त्यांचं माशावर फार मन आहे, ते मोडायचं नाही.

म्हणून रात्रीला एकाच पॅनमध्ये बांगडा आणि भाज्या, सोबत जोंधळ्याची भाकरी असं बसवायचंय. बिन्स, गाजर, ढबू मिरची आणि आपल्या भागातली रताळी घरात असतातच. अडचण अशी की रताळं शिजेपर्यंत बांगड्याचा भुगा होतो, आणि टोमॅटोला इतकं पाणी सुटतं की खरपूसपणा येतच नाही. आमसूल कधी घालायचं? बिडाचा तवा चालेल का? आणि जून-जुलैत काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, मासा सगळ्यात शेवटी घाला. रताळ्याच्या पातळ चकत्या, गाजर आणि बिन्स दोन चमचे तेलावर परतून झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटांत सुरी सहज आत जाते. मग झाकण काढून आच वाढवा, ढबू घाला, पाणी आटू द्या. आता भाज्या कडेला सारून मधे बांगडा ठेवायचा. त्याला आधीच चिरा देऊन हळद, आलं-लसूण लावा आणि पॅनमध्ये घालण्याआधी फडक्यानं टिपून घ्या. ओला मासा चिकटतो. खालची बाजू धरली की तो आपोआप सुटतो, तोवर उलथनं लावू नका. एका बाजूला चार मिनिटं, दुसरीला तीन. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटायला लागलं की लगेच उतरवा.

टोमॅटो-आमसूल आधी घातलं तर आंबटामुळे रताळं दडस राहतं. बिडाचा तवा उत्तमच, पण त्यात आंबट शिजवलं की काळं पडतं आणि लोखंडाची चव उतरते. लिंबू ताटातच पिळा.

प्रतिसाद २
शुगर असेल तर रताळं भाजीत धरू नका, ते भाकरीच्या वाट्यातलं. रताळं घातलं त्या दिवशी भाकरी अर्धीच द्या. मिठाचं बघायचं तर कांदा-लसूण मसाल्यात आणि कोकमाच्या आगळात ते आधीच असतं, वरून घालताना हात आखडता ठेवा. बांगड्याला दोन-चार तिरफळं ठेचून लावा, बिया काढून. मीठ कमी असल्याचं जाणवत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत रोहू किंवा कटला घ्या, पोटाकडचे तुकडे मागून. पाठीकडं आणि शेपटीकडं बारीक काटे फार. सुकी मासळी मात्र बीपीवाल्याला नको, त्यात मीठच मीठ.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! बांगडा अख्खा ठेवू की तुकडे करू?

प्रतिसाद १
डोकं काढून अख्खाच ठेवा. तुकडे लवकर कोरडे पडतात.